महेश्वरीची डावी बाजू

१३ डिसेंबर, शनिवार

ज्यांची जिवाभावाची मैत्रीण दुसऱ्या कुणी डोळ्यांदेखत नेली, आणि ज्यांना त्याबद्दल कुठं तक्रारही करता येत नाही, अशा माझ्या तमाम भगिनींनो —

नवरा गेला तर कायदा आहे. जमीन गेली तर कोर्ट आहे. नळाचं पाणी गेलं तर महापालिकेवर मोर्चा आहे, तो मी स्वतः काढलेला आहे. मैत्रीण गेली तर काय आहे? काही नाही. लोक हसतात. वय काय तुझं, म्हणतात.

सभेत हे बोलता येत नाही. म्हणून इथं.

काल नव्या सभागृहात माझं व्याख्यान झालं. विषय पाणी. सभागृह भरलेलं. पहिल्या रांगेतली मधली खुर्ची रिकामी. वीस वर्षं त्या खुर्चीत महेश्वरी बसते. मंगळवेढ्याला, करमाळ्याला, आमच्या गल्लीतल्या गणपतीपुढं, जिथं मी बोलले तिथं मही पहिल्या रांगेत, डोळे माझ्या तोंडावरून हलायचे नाहीत. असा श्रोता कुणाला मिळतो?

आज सकाळी तिच्या दारात जाऊन विचारलं, का आली नाहीस? तर म्हणाली, "अगं शनिवारी पळायचं असतं की. शुक्रवारी लवकर झोपते." आणि वर, "त्या हॉलचा माईक लई मोठा आहे बघ. तू दिसतच नाहीस त्याच्यामागं."

दिसत नाहीस! मी तिथं दिसायला जाते का?

पळण्याचं खूळ दिलंय डॉक्टर अंकितानं. दातांची डॉक्टर, मूळची अकलूजची, पस्तिशीची असेल. उन्हाळ्यात मही तिच्याकडं दाढ दाखवायला गेली. दाढ बरी झाली, आणि माझी मैत्रीण तिथंच राहिली. आता दर शनिवारी दोघी कंबर तलावाच्या काठी पाच किलोमीटर पळतात. महीच्या स्टेटसवर फोटो आहे — नारिंगी बनियनमध्ये दोघी, गळ्यात गळा. अंकिता डाव्या बाजूला.

डावी बाजू माझी आहे. रोज संध्याकाळी फिरायला निघालो की मही मला डावीकडं घ्यायची. "इकडं ये की, तिकडून रिक्षा येतात," म्हणायची. वीस वर्षं.


१४ डिसेंबर

महीला फोन केला. उचलला नाही. मग मेसेज: "मेसेजच करत जा की." मला! जिच्या आवाजाला लोक लांबून येतात तिला!


१६ डिसेंबर, मंगळवार

ठरलं. मीही जाणार. मी शिकवते त्या कॉलेजला नाताळची सुट्टी लागेलच.

पळण्याबद्दल माझी मतं स्पष्ट आहेत. ज्या गावात बायका पाण्यासाठी पहाटे कळशी घेऊन पळतात, तिथं हौसेनं पळणं ही चैन आहे. हे मी जाहीरपणे बोललेले आहे. शिवराजला सांगितलं तर नवरा म्हणून एक शब्द धीराचा? नाही. म्हणाला, "मोर्चात चालणं वेगळं. इथं मध्ये थांबून घोषणा देता येत नाहीत."

मत्सरावर मी कागद हातात न घेता दीड तास बोलू शकते. पुराणं, ग्रीक नाटकं, रशियन कादंबऱ्या, सगळ्यांतले दाखले देऊन. आणि स्वतःला सांगायला एक वाक्य सुचत नाही. पळायला का निघालीस, सुकन्या? तब्येतीसाठी, असं लोकांना सांगायचं.


१९ डिसेंबर, शुक्रवार. वेळ अमावस्या

दरवर्षीसारखी महीच्या शेतावर गेले, मंद्रूपच्या पुढं. ज्वारी खांद्याला लागतेय. कडब्याच्या कोपीत पूजा, मग बज्जी, बाजरीचे उंडे, गव्हाची खीर, मडक्यातलं थंडगार आंबील. वर्षातलं माझं सगळ्यात आवडतं जेवण.

गाडीतून अंकिता उतरली. आंबील पीत नाही म्हणाली असती तर मला बरं वाटलं असतं. दोन वाट्या प्यायली. आणि महीच्या सासूबाईंना, काशम्माआजींना, नमस्कार करून त्यांच्याशी तोडकंमोडकं कानडी! आजी खूश. "बा, कुंद्रु," ये, बस, म्हणून पहिली पंगत तिला. मला वीस वर्षांत 'बा'च्या पुढं येत नाही.

मही ज्वारीच्या कडेला उभी होती. आजींनी तिला हाक मारली नाही. हरभऱ्याचा डहाळा उपटला आणि तिच्या पाठीत फेकला. मही वळली, हसली, आली. सासूसुनेचं हल्ली बिनसलेलं दिसतंय. विचारलं तर सांगितलं नाही. अंकिताला सांगितलं असेल.

जेवायला बसताना मी डावीकडं जागा धरली होती. भाकरी आणायला उठले. परत आले तर तिथं अंकिता.


२० डिसेंबर, शनिवार

गेले. पळाले. म्हणजे शरीर पुढं गेलं.

काठावर दीडएकशे माणसं. सूत्रं जोतीराम सरांकडं, शाळेतून निवृत्त झालेले खेळाचे शिक्षक. त्यांनी रीत सांगितली. पैसे नाहीत, बक्षीस नाही. नाव नोंदवायचं, आपला बारकोड कागदावर छापून आणायचा, शेवटी तो दाखवला की दुपारी आपली वेळ फोनवर येते. आणि शेवटचा नंबर कुणाचाच येत नाही. सगळ्यांच्या मागं मंडळाचा एकजण चालतो, त्याला 'शेवटचा सोबती' म्हणतात. सगळे आल्यावर तो येतो. कल्पना चांगली आहे. मला सुचायला हवी होती.

सुरुवात मात्र विचित्र. शिट्टी नाही, हाक नाही. सर एका स्टुलावर चढतात, लाल कापडाचा झेंडा वर धरतात, सगळे गप्प होतात, आणि झेंडा खाली येतो. बस्स. नोव्हेंबरपासून असं करतात म्हणे. दीडशे माणसं आणि शब्द नाही! मुक्यांची मिरवणूक.

अंकिता आधीच डावीकडं. मी उजवी बाजू धरली. पहिली अर्धी फेरी महीला नव्या सभागृहातलं व्याख्यान पूर्ण सांगितलं, तिनं चुकवलेलं. टाळ्या कुठं पडल्या तेही सांगितलं. तिनं एका शब्दानं उत्तर दिलं नाही. सरळ समोर बघत पळत राहिली. मध्येच अंकिता तिच्याकडं झुकून काहीतरी बोलली, तर खळखळून हसली.

मग त्या दोघी पुढं गेल्या आणि माझा श्वास संपला.

शेवटच्या सोबत्याबरोबर आले. आज जोतीराम सरच होते. म्हणाले, "मॅडम, बोलणं थोडं कमी केलं तर दम टिकेल."


२१ डिसेंबर

पाय माझे नाहीत. शिवराज जिना उतरताना मला बघायला मुद्दाम बाहेर येतो.


२५ डिसेंबर, गुरुवार

नाताळची खास पळापळ. अंकिता बायकांत पहिली आली. आली आणि थांबली का? नाही. उलट फिरून महीपर्यंत गेली आणि पुन्हा तिच्या डाव्या बाजूनं पळत आली. दोनदा पळणं! हा दिखावा नाही तर काय?

नंतर गाड्यावर उप्पीट. मी पाणीपुरवठ्याच्या अभियंत्याची नक्कल केली. सगळे हसून लोळले. जोतीराम सरांना ठसका लागला. महीनं आधी अंकिताकडं पाहिलं. अंकितानं ओठ हलवले. मग मही हसली.

माझ्या विनोदावर हसायला तिला आता परवानगी लागते.

घरी येऊन भांडी जोरात घासली. शिवराज म्हणाला, "पळून आल्यावर माणूस शांत होतो असं ऐकलं होतं."


२७ डिसेंबर, शनिवार

आज कुणाशी बोलले नाही. नुसती पळाले. मध्ये दोनदाच चालले. फोनवर वेळ आली, मागच्यापेक्षा बरी. त्याचा आनंद झाला याची लाज वाटली.

आणि मग! जोतीराम सर आले. म्हणाले, "एक तारखेला नवीन वर्षाची खास पळापळ आहे मॅडम. नवी माणसं येतील. तुम्ही दोन मिनिटं बोला आणि तुमच्याच हातानं सुरुवात करा."

अंकिता पळू दे. महीच्या डावीकडून, उजवीकडून, चारी बाजूंनी पळू दे. बोलणार मी आहे. आणि मही समोर उभी असणार.


३१ डिसेंबर

भाषण तयार. शिवराज: "दोन मिनिटांत तुझी नमस्काराची वाक्यं तरी होतील का?"

झेंड्याचंही ठरवलंय. झेंडा नको. माणसं शब्दावर निघाली पाहिजेत. शब्दानं माणसं हलतात, यावर मी आयुष्य काढलंय.


१ जानेवारी, गुरुवार

लिहू का नको.

गर्दी लोटली होती. तलावावर धुकं. मी स्टुलावर. सरांनी एका हातात माईक दिला, दुसऱ्यात झेंडा. बोलले. चांगली बोलले. पाय आणि पाणी, गाव आणि गती, सगळं जुळून आलं. मही पहिल्या ओळीत उभी, माझ्याकडं बघत. वीस वर्षं जशी बघायची तशी. वाटलं, आली परत.

शेवटी झेंडा काखेत मारला. म्हणाले, "झेंडे आयुष्यात खूप धरले. आज शब्दावर जाऊ. निघा!"

सगळे निघाले. असा पायांचा आवाज! आणि रेषेवर एकटी मही उभी. नजर माझ्या काखेतल्या झेंड्यावर. चेहऱ्यावर हसू. दोन्ही बाजूंनी लोक तिला ओलांडून चाललेत, आणि ही एकदा त्यांच्याकडं बघतेय, एकदा झेंड्याकडं.

मला कळलं ते एवढंच, की ही माझ्या शब्दावर हलणार नाही. चारचौघांत. हिनं ठरवून केलंय.

माईकवरून म्हणाले, "महेश्वरीबाई, तुम्हाला वेगळी अक्षता पाठवायची का?"

लोक हसले. पुढं गेलेलेही वळून हसले. महीही हसली. सगळे हसतात म्हणून हसतो, तशी. आणि जागची हलली नाही.

अंकिता उलटी पळत आली, तिनं महीचं मनगट धरलं आणि घेऊन गेली. वळणावर महीनं मागं वळून माझ्याकडं पाहिलं. ते बघणं रागाचं असतं तर बरं झालं असतं.

संपल्यावर अंकिता घामाघूम माझ्यासमोर आली. "मॅडम, झेंडा का नाही खाली केलात?"

मी म्हणाले, "मी कुणाच्या तालावर चालत नाही."

ती काही बोलायला गेली. मग वळून चालू लागली. मही स्कूटरवर मागं बसून गेली. अंकिताच्या स्कूटरवर.


३ जानेवारी, शनिवार

गेले नाही. सात वाजता खिडकीत उभी राहिले. आत्ता तो झेंडा खाली आला असेल.


५ जानेवारी, सोमवार

सोक्षमोक्ष लावायचा म्हणून अंकिताच्या दवाखान्यात गेले. दातांचं निमित्त. मनात पूर्ण भाषण तयार होतं. मुद्दा पहिला, तुझं वय. मुद्दा दुसरा, आमची वीस वर्षं.

तिनं खुर्चीत झोपवलं, दिवा लावला आणि म्हणाली, "मॅडम, खरंच एक दाढ किडली आहे." तोंडात कापूस, नळी, आरसा. माझी सगळी मुद्देसूद मांडणी आत अडकली.

मग तिनं मास्क हनुवटीखाली ओढला. "सवय लागली आहे," म्हणाली, "महेश्वरीकाकूंमुळं. मास्क लावून विचारलं की त्या नुसत्या हसायच्या. दुखतंय का, तरी हसू. काढून विचारलं की लगेच उत्तर. तिसऱ्या खेपेला माझ्या लक्षात आलं."

मी डोळ्यांनी विचारलं असेल काय ते.

"त्यांना ऐकू येत नाही मॅडम. उजवा कान लहानपणी गोवरात गेला. डावा दोन वर्षांपासून उतरत चाललाय. आता अगदी जवळून, डावीकडून बोललं तर थोडं. बाकी त्या ओठांवरून समजून घेतात. त्यांनी कुणाला सांगू नको म्हटलं होतं. घरी आजींना आणि काकांना माहीत आहे. मी फक्त जोतीराम सरांना सांगितलं, म्हणून त्यांनी शिट्टी सोडून झेंडा आणला. गुरुवारनंतर मला वाटलं तुम्हाला सांगायलाच हवं. त्या चिडतील माझ्यावर."

कापूस होता म्हणून बरं.

उठताना विचारलं, "मला का नाही सांगितलं तिनं?"

"मीही विचारलं होतं. म्हणाल्या, सुकूला सगळ्यांत शेवटी."


६ जानेवारी

मोठा माईक. त्यामागं मी दिसत नव्हते.

आणि उजवीकडून सांगितलेलं ते अख्खं व्याख्यान.

आणि गुरुवारी मी लोकांना हसवलं.


७ जानेवारी

खरं लिहायचं तर अजूनही जळतेच आहे. जास्तच. माझी वीस वर्षं, आणि हिला तिसऱ्या खेपेला कळलं! एका दाढेत! ती चांगली आहे हे तर अजिबात सहन होत नाही. वाईट असती तर सोपं होतं. वाईट माणसांविरुद्ध मला बोलता येतं.


८ जानेवारी, गुरुवार

महीकडं गेले. ती ओसरीत शेंगा निवडत होती. मी डावीकडं जाऊन बसले. तिनं माझ्याकडं पाहिलं आणि शेंगा खाली ठेवल्या.

"तुला कोण बोललं? अंकिता?"

मी मान हलवली.

"पोरगी पोटात काही ठेवत नाही. दाढा काढती, पोटातलं पण काढती."

मी विचारलं, माझी भाषणं? दोन वर्षांतली? अकलूजचं, मार्चमधलं, ज्यात लोक उभे राहिले?

"काय बोललीस ते नाही कळलं. शब्द सुटायचे गं. तू भराभर बोलतीस."

"मग यायचीस कशाला?"

ती माझ्या ओठांकडं बघत होती. सगळं आयुष्य मला वाटलं, ती माझ्या विचारांकडं बघते.

"तू हात वर केलास की अख्खी सभा हलती," म्हणाली. "मागं वळून बघितलं की बायकांची तोंडं दिसायची. रडणारी, चिडलेली. माझ्या मैत्रिणीनं केलंय हे, असं वाटायचं. त्याला कान कशाला लागतात? नव्या हॉलात तेवढं पण दिसेना. मग कशाला बसू?"

"मला का नाही सांगितलंस, मही?"

"तू त्याच्यावर भाषण केलं असतंस की."

मी रागावणार होते. पण रिक्षातून येतानाच मला शीर्षक सुचलेलं होतं. उपशीर्षकासकट. मी हसायला लागले. तीही. या वेळी कुणाकडं न बघता.

मग मागच्या गुरुवारचं बोलले. माईकवरून काय म्हणाले होते ते तिच्या तोंडासमोर, सावकाश, शब्द न् शब्द सांगितलं. तिला ते तेव्हा कळलंच नव्हतं. न सांगता चाललं असतं. ऐकून तिनं शेंगा पुन्हा फोडायला घेतल्या.

"अक्षता?" म्हणाली. "आणि लोक हसले व्हय?"

"हसले."

"मी पण हसले होते की गं."

तिनं सोललेल्या शेंगा माझ्या ओंजळीत टाकल्या. ही क्षमा होती की नाही, ते माहीत नाही. विचारलं नाही.

डाव्या कानाचं यंत्र संक्रांतीची गड्डा जत्रा संपली की येणार आहे. उजव्याला उपयोग नाही. कानाच्या तपासणीलाही अंकिताच बरोबर होती. असू दे. असू दे असं लिहिलं म्हणजे तसं वाटतं असं नाही.


९ जानेवारी, शुक्रवार

अंकिताला मेसेज केला. उद्या महीच्या डावीकडून मी पळेन, एवढंच. तिचं उत्तर लगेच आलं, "नक्की मॅडम. मी सगळ्यांच्या मागं शेवटची सोबती होईन."

किती सहज दिली तिनं जागा! मी महिनाभर दिली नसती.

जोतीराम सरांनाही कळवलं, येतेय. त्यांनी लिहिलं, झेंडा कुणाच्या हातात द्यायचा ते अजून ठरलं नाही.

बूट दारात काढून ठेवलेत. डावी बाजू परत मिळाली.


१० जानेवारी, शनिवार, पहाट

उठले तर महीचा मेसेज.

"डावीकडं अंकिताच असू दे. तिच्याबरोबर माझा दम जुळतो. तू बाजूला असलीस की मला दिसत नाहीस. तू समोर उभी राहा."

तर माझ्या तमाम भगिनींनो — म्हणजे सुकन्या, तुलाच, सभेला दुसरं कुणी आलेलं नाही — ऊठ. स्टुलावर चढ. माईक सरांना परत दे. आणि एक अक्षरही न बोलता तो झेंडा खाली कर.